फळमाशीचे रिकामे सापळे : माझा अनुभव

संत्र्याच्या बागेत गळालेली फळे कापली की अळ्या दिसत, फळमाशीला ओढून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉल या रसायनाचे सापळे मात्र जवळजवळ रिकामेच असत. आमिष ताजे होते, त्यामुळे सापळे टांगण्याच्या पद्धतीवर संशय गेला. नीट पाहिले तेव्हा सापळ्याच्या तारेवरून उतरलेल्या मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेत होत्या. तारेला ग्रीसचा जाड थर दिला, सापळ्याला टेकणाऱ्या डहाळ्या छाटल्या आणि सापळे भर उन्हातून काढून झाडाच्या सावलीत, सुमारे दीड मीटर उंचीवर टांगले. तेव्हापासून माश्या मोजणीपर्यंत टिकू लागल्या.

नोंद करताना एकूण माश्यांना सापळ्यांच्या आणि दिवसांच्या संख्येने भागतो. उदाहरणार्थ, 5 सापळ्यांत 7 दिवसांत 70 माश्या म्हणजे प्रति सापळा प्रतिदिन 2. नुसत्या एकूण संख्येला माझ्या मते फारसा अर्थ नाही. मिथाइल युजेनॉलकडे प्रामुख्याने नर येतात, अंडी मात्र मादी फळात घालते. म्हणून माद्यांसाठी प्रथिनयुक्त आमिषाचे वेगळे सापळेही लावले. गळालेली फळे कापून पाहणे सोडलेले नाही, कारण रस शोषणाऱ्या पतंगाने छिद्र पाडलेले फळही गळते, परंतु त्यात फळमाशीची अळी नसते.