पीपीएफ पिवळी पडली? डिझेलचा बोळा खाली ठेवा, आधी हे पाहा

मामाची पांढरी कार, मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत दिवसभर उन्हात उभी. दोन वर्षांत बोनेटवरची पीपीएफ म्हणजे पेंटवरची पारदर्शक फिल्म पिवळी झाली. मामानं ट्रॅक्टरमधलं डिझेल बोळ्यावर घेतलं, मग भांड्याची हिरवी घासणी, अन् पिवळेपणा गेलाच नाही, वरची चमक मात्र गेली.

चूक नुसती घासण्याची नाही, पिवळं नेमकं कुठं आहे हे न पाहता घासायची. हातभर जागा कार शाम्पूनं धुवा, वाळू द्या, मग आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल) तेवढंच पाणी टाकून मायक्रोफायबरनं हलक्या हातानं पुसा. कापडावर रंग आला तर वरचा मळ आहे, फिल्म बहुतेक चांगली आहे. कापड कोरं अन् बोनेट तसंच पिवळं, तर बहुतेक फिल्म नाहीतर तिचा गोंदच पिकला, आता पॉलिशवर पैसे घालू नका.

दुकानदार "टीपीयू आहे न भाऊ" म्हणते तेवढ्यावर भागत नाही. टीपीयू म्हणजे फिल्मचं लवचिक प्लास्टिक, ते दोन जातीचं, अॅरोमॅटिक उन्हात लवकर पिवळं पडते, अॅलिफॅटिक टिकते, म्हणून कोणत्या जातीचं ते विचारा अन् वॉरंटीत पिवळेपणा लिहून घ्या. पीव्हीसीची (साध्या प्लास्टिकची) फिल्म तर आपल्याकडच्या उन्हात हळूहळू कडक होऊन तडकू शकते.

बोअरचं पाणी दुपारी मारलं की थेंब जागीच वाळते अन् क्षाराचे पांढरे गोल बसतात, पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी टाकून लावा, लगेच धुवा. बागेत बोर्डो फवारताना गाडी लांब लावा बाप्पा, मोरचूद-चुन्याचे ठिपके वाळले की लय त्रास देतात. पाखराची शिट कोरडी खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. फिल्मचं सेल्फ हीलिंग, म्हणजे आपोआप भरून येणं, बारीक ओरखडे भरते, डाग नाही.

काढायची वेळ आली तर थंड फिल्म ओढू नका, गरम पाण्यानं किंवा हीट गननं कोमट करून, जवळपास उलटी दुमडत, हळूहळू ओढा. पॅनल आधी रिपेंट झालेलं असेल तर स्वतः हात लावूच नका, रंगासकट निघू शकते.

मामाची फिल्म नखाएवढे तुकडे होऊन निघाली, अख्खी सकाळ गेली. खालचा पेंट एकदम नवाकोरा, दरवाजे मात्र उन्हानं मळकट, त्यामुळे आता गावात जो तो विचारते, "काहून भाऊजी, गाडी ठोकली होती काय?"