सीटी-एमआरआयच्या खोलीत नवीन आहात? आधी विचारा, पाणी कधी गळतं

"भांगलताना वाकलं की उजव्या नाकपुडीतनं पाणी गळतंय बघा, खारट. सर्दी न्हाई ही." करवीर तालुक्यातल्या एका मावशींनी कोल्हापुरात आमच्या सीटीच्या खोलीत मला हे सांगितलं, तेव्हा मला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. मी मान डोलावली आणि नेहमीसारखं उताणं झोपवून स्कॅन केला. नाकाच्या छताशी कवटीचं हाड फारच पातळ असतं. तिथे दोन ठिकाणी भोक पडल्यासारखं दिसलं. गळती त्यातल्या कुठून, ते कळेना.

मावशींच्या नाकातून गळत होतं ते मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी. ते अंगात एका वेळी असतं सुमारे १५० मिली, पण रोज ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं. म्हणून गळती महिनोन्‌महिने चालू राहते, आणि त्याच वाटेने जंतू वर चढले तर मेंदूज्वर होतो. हे ठाऊक असलं की हाडातलं भोक शोधण्याची घाई का, ते पटतं.

नाकातलं पाणी खरंच तिथलं आहे का, हे बीटा-२ ट्रान्सफेरिन या, मुख्यतः याच पाण्यात सापडणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीने ठरतं. मग मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ काप घेऊन सीटी. टी-२ प्रकारच्या एमआरआयमध्ये पाणी इंजेक्शनशिवायच पांढरंशुभ्र दिसतं. तरीही नेमकं ठिकाण ठरत नसेल, तर कमरेतून कण्यातल्या पाण्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध, सोडून त्या पाण्याची वाट दाखवणारा सीटी, म्हणजे सिस्टर्नोग्राफी. मावशींची तीच झाली. डोक्याकडची बाजू खाली करून औषध मेंदूकडे जाऊ दिलं, मग पालथं झोपवलं. मी म्हणालो, "मावशी, भांगलायला वाकता तशी मान करा." कापसावर एक थेंब पडला आणि पडद्यावर उजव्या भोकातून नाकात उतरणारी पांढरी रेघ दिसली. आधीचे साधे काप शेजारी लावले, तिथे ती नव्हती. ही तुलना कधीही चुकवू नका.

कॉन्ट्रास्टची बाटली हातात घेतली की लेबल मोठ्याने वाचा. पाठीच्या कण्यात आयोहेक्सॉलसारखं नॉन-आयोनिक (पाण्यात विद्युतभारित कणांत न फुटणारं), आणि तेही कण्यात देण्यास मान्यता असलेलंच चालतं. आयोनिक गेलं तर जीवावर बेततं. यात घाई करणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, मग तो कितीही मोठा असो.

मणक्यातली गळती वेगळी. बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं. मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय आवरण जाड झालेलं, मेंदू खाली ओघळलेला दाखवतो, पण तो गळतीचा नुसता परिणाम झाला. जागा मणक्यात शोधायची. काही गळत्या इतक्या वेगवान की कॉन्ट्रास्ट जाताच काप घ्यावे लागतात, नाहीतर सगळीकडे पांढरं पसरतं. काहींमध्ये पाणी थेट शिरेत जातं. हा प्रकार २०१४ मध्ये प्रथम नोंदला गेला. तो साध्या स्कॅनमध्ये सहसा सापडत नाही. रुग्णाला कुशीवर ठेवून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. ज्या टेबलावर सुई घातली तिथून सीटीकडे नेताना ट्रॉलीवरही त्याला उताणं होऊ देऊ नका. तेवढ्यात औषध दुसरीकडे वाहून गेलेलं असतं.