छोट्या मुलींसाठी विनोदी गोष्ट लिहायची तर

माझी भाची सात वर्षांची होती तेव्हा मी लिहिलेली एक गोष्ट तिला वाचून दाखवत होते. गोष्टीतली मुक्ताही सात वर्षांची. आजी सकाळी म्हणते, "काल रात्री माझी झोपच उडाली गं." मुक्ता ते शब्दशः घेते आणि त्या रात्री फुलपाखरांची जाळी आणि टॉर्च घेऊन आजीची उडालेली झोप पकडायला निघते. पहिल्या खर्ड्यात मी असं लिहिलं होतं की बाबा तिला पाहून पोट धरून हसतात आणि म्हणतात, "अगं वेडाबाई!" तिथे भाची हसेल असं मला वाटलं होतं. तिने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "ते तिला का हसतायत? ती तर आजीला मदत करतेय ना?"

तेव्हापासून प्रत्येक गोष्ट लिहिताना मी आधी हेच तपासते. मुक्ताच्या दृष्टीने झोप पकडणं हे अत्यंत जरुरीचं काम आहे. तिला त्यात गंमत वाटत नाही आणि आजूबाजूच्या मोठ्यांनीही तिची टर उडवायची नाही. गंमत वाचणारीला दिसली पाहिजे. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात बाबा झोपेतून उठून दारात येतात, डोळे चोळत विचारतात, "काय शोधतेयस?" आणि उत्तर ऐकून गंभीरपणे म्हणतात, "कपाटावर बघितलंस का?" भाची या वाक्यावर खुर्चीतून घसरली.

तुम्ही लिहायला बसाल तेव्हा आधी विनोद शोधू नका, मुलीला काय हवंय ते शोधा. हवी असलेली गोष्ट छोटी आणि नेमकी असू द्या: आजीची झोप परत आणायची आहे, हलणारा दात शनिवारपर्यंत पडू द्यायचा नाही, मांजराला हाक मारल्यावर यायला शिकवायचं आहे. मग तिला तिच्या वयाचं तर्कशास्त्र द्या आणि ती त्या तर्काने कुठवर जाते ते बघा. उडणारी गोष्ट उंचावर बसते, म्हणून मुक्ता आधी पंख्याकडे बघते. झोप अंधारात येते, म्हणून ती टॉर्च विझवून दबा धरते. प्रत्येक पाऊल तिच्या हिशेबाने बरोबर असतं, आणि हसू नेमकं त्यातूनच फुटतं. केवळ वेंधळी आहे म्हणून सारखी पडणारी, सांडणारी मुलगी दोन परिच्छेदांत कंटाळवाणी होते.

मराठीत लिहिणाऱ्याला तर खजिनाच हाताशी आहे. आपले वाक्प्रचार शब्दशः घेतले की गोष्ट सुरू होते. पोटात कावळे ओरडतात, म्हणून दादाच्या पोटाला कान लावून बसलेली मुलगी. चोर हातावर तुरी देऊन पळाला हे ऐकून "मग तुरी कुठे आहेत?" असं पोलिसकाकांना विचारणारी मुलगी. फक्त वय पाहा. चार-पाच वर्षांच्या मुलींना टोपी पायात आणि मोजे कानांवर एवढं पुरतं. एका शब्दाचे दोन अर्थ एकदम डोक्यात धरून हसणं साधारण सहा-सात वर्षांपासून जमू लागतं. त्याआधी वाक्प्रचार वापरायचा असेल तर त्याचा खरा अर्थ गोष्टीतच कुणाच्या तरी तोंडून आधी येऊ द्या. आजीचं "रात्रभर टक्क जागी होते" हे वाक्य मी त्यासाठीच घातलं.

दिसण्यावर विनोद करू नका. जाड, काळी, चष्मेवाली, तिरळी हे शब्द हशा मिळवतातही, पण ऐकणाऱ्यांत एखादी चष्मेवाली असते आणि ती त्या क्षणी गोष्टीतून बाहेर पडते. मी हे समोर बसून पाहिलं आहे. "मुली अशा नसतात" या धर्तीचे विनोदही सोडून द्या. नायिका मोठ्याने ढेकर देऊ दे, झाडावर चढू दे, हट्टाने चुकीचं उत्तर देऊ दे. स्वीडिश बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या मुलीने, कारिनने, १९४१ मध्ये आजारपणात आईकडे गोष्ट मागितली आणि नायिकेचं नावही तिथल्या तिथे रचून दिलं. १९४५ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ती पिप्पी लाँगस्टॉकिंग, म्हणजे लांब मोज्यांची पिप्पी, नऊ वर्षांची आहे आणि घोडा उचलते. मुलींना ताकदवान, विचित्र, स्वतःच्या मताची नायिका आवडते, हे त्या मुलीने निवडलेल्या नावातच दिसतं. म्हणून मी नावं भाचीला विचारते. मोठ्यांना सुचणारी नावं फार नीटनेटकी असतात.

प्रसंग तीनदा करा, आणि दर वेळी पसारा वाढवा. मुक्ता पंख्याकडे उडी मारते, पलंग करकरतो, आई उठते. कपाटावरचा डबा खाली येतो, खळ्ळ! दादा उठतो. मग अंधारात दबा धरलेल्या मुक्तावर बाबांचा पाय पडतो आणि दोघंही किंचाळतात. आता घरात सगळे जागे. तिसऱ्या वेळी मात्र साचा मोडायला हवा, नाहीतर पुढचं मुलींना आधीच कळतं.

आवाजाच्या शब्दांवर वेळ घालवा. धप्प, धपकन आणि धाडकन यांत फरक आहे. उशी धप्प पडते, माणूस धपकन बसतो, दार धाडकन आपटतं. चुकीचा आवाज लिहिला तर मुलींना तो लगेच खटकतो. वाक्यं आखूड ठेवा आणि हसवणारा शब्द वाक्याच्या शेवटी आणा. "कपाटावर बघितलंस का?" ऐवजी "तू कपाटावर बघितलंस का, कारण उडणाऱ्या गोष्टी तिथे बसतात" असं लिहिलं असतं, तर भाची खुर्चीतच बसून राहिली असती.

लांबी पाचशे ते सातशे शब्द पुरे. सात वर्षांच्या मुलीला एका बैठकीत तेवढं ऐकवता येतं.

शेवटी बोधाचं वाक्य जोडू नका. मुक्ताच्या गोष्टीचा शेवट शोधायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. आधी आजी तिला समजावते, की झोप उडणं म्हणजे काय. हसू तिथेच विझत होतं. आता शेवट असा आहे: सगळ्यांची शोधाशोध चालू असताना खुर्चीतून आवाज येतो, घुर्र... फुस्स. मुक्ता टॉर्च मारते. आजी गाढ झोपलेली. "सापडली!" ती कुजबुजते, "डोळ्यांतच बसली होती." मग ती आई, बाबा आणि दादाच्या टक्क उघड्या डोळ्यांकडे बघते, जाळी खाली ठेवते आणि म्हणते, "तुमची उद्या शोधू. मला झोप येतेय."

लिहून झालं की मोठ्याने वाचा, आणि कागदाऐवजी ऐकणारीकडे बघा. तिची नजर खिडकीकडे गेली ती ओळ पेन्सिलीने खुणा. दुसऱ्या दिवशी ती ओळ काढून गोष्ट पुन्हा वाचा. ती "पुन्हा!" म्हणेल तेव्हा खर्डा वहीत उतरवून घ्या.