बुलेटला मागे १५ इंची चाक बसवताना

जुन्या बुलेटचा बॉबर, म्हणजे जादा भाग काढून ठेंगणी केलेली गाडी, करायचा म्हटले, की मागचे १९ इंची चाक काढून तिथे १५ इंची जाड चाक घालावे, असे बहुतेकांना वाटते. बेळगावच्या उद्यमबागेत चांगले लेथवाले असल्याने हे काम अवघडही नाही. मात्र दुसऱ्या गाडीचे अख्खे चाक आणून ते चिमट्यात, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये, कसेबसे बसवण्याचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. मागे ड्रम ब्रेक असलेल्या बुलेटमध्ये स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, ब्रेक ड्रमलाच जोडलेले असते. त्यामुळे मूळ हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तसेच ठेवून फक्त रिम आणि स्पोक बदलले, तर चेनची रेषा, ब्रेक आणि बेअरिंग यांतले काहीच हलवावे लागत नाही.

नवी रिम घेताना तिची भोके हबच्या भोकांइतकी आहेत ना, हे आधी मोजावे. जुने स्पोक लांब पडतात, म्हणून नव्या मापाचे करून घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे माप जुने चाक खोलण्यापूर्वीच घ्यायचे असते. ड्रमच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून तिथून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. नवी रिम जितकी रुंद असेल, त्या वाढीच्या निम्म्याने ही कड ड्रमच्या बाजूला सरकली पाहिजे, तरच रिमचा मध्य जुन्याच जागी राहतो. चाक भरणाऱ्याला 'मध्यावर घ्या' एवढेच सांगितले, तर तो हबचा मध्य धरतो, आणि तो गाडीचा मध्य असेलच असे नाही.

१३०/९०-१५, म्हणजे १३० मिलिमीटर रुंद आणि १५ इंची रिमचा, टायर घालणार असाल, तर साधारण ३ ते ३.५ इंच रुंदीची रिम लागते. टायर बसवून चाक हाताने फिरवावे आणि चेन व टायर यांच्यात निदान ५ मिलिमीटर मोकळी जागा आहे ना, हे पाहावे. जागा कमी असेल तर अरुंद टायर घ्यावा. वायसर घालून चाक सरकवू नये. माझ्या पहिल्या गाडीत मी नेमके तेच केले होते. चोर्ला घाट उतरून थांबल्यावर टायरच्या डाव्या अंगावर बोटभर रुंदीचा काळा, चकाकणारा पट्टा उमटलेला दिसला. वायसर दबून ॲक्सलचा नट सैल झाला होता आणि चेन रबर घासत होती. स्पेसर, म्हणजे ॲक्सलवर अंतर राखणारी कडी, लागलाच, तर तो लेथवर एकाच तुकड्यातून, दोन्ही तोंडे समांतर करून घ्यावा. हबच्या आतली, दोन बेअरिंगमधली नळी तर कधीच वगळू नये, कारण ती नसेल तर नट आवळताच सारा दाब बेअरिंगवर येतो आणि ती थोड्याच दिवसांत आवाज करू लागतात.

३.२५-१९ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६५० मिलिमीटर असतो, तर १३०/९०-१५ चा ६१५ च्या आसपास. म्हणजे मागची बाजू १७-१८ मिलिमीटर खाली बसते. त्यामुळे साइड स्टँडवर गाडी जवळजवळ उभीच राहते आणि उजवीकडे कलंडू शकते, म्हणून स्टँड थोडा आखूड करून घ्यावा. बुलेटचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालत असल्याने त्यात फरक पडत नाही, परंतु त्याच वेगाला इंजिन सुमारे पाच टक्के जास्त फिरते. पुढच्या स्प्रॉकेटला १८ दात असतील, तर १९ दातांचे बसवल्याने ते बरेचसे जुळते.

टायर मावत नाही म्हणून चिमटा किंवा चासी कापण्याचा विचार मात्र मनात आणू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि हा कायदा केंद्राचा असल्याने केए-२२ ची, म्हणजे बेळगावची, गाडी शिनोळीपलीकडे महाराष्ट्रात गेली तरी तोच लागू राहतो.

शेवटी दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणून ती एका रेषेत आहेत ना, हे पाहावे, चेनला २५ ते ३० मिलिमीटर ढील ठेवावी आणि ब्रेकची प्लेट फिरू न देणारा अँकर घट्ट करावा. नवे स्पोक पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये बसतात. तेवढे अंतर गावातच हळू चालवून प्रत्येक स्पोक पान्याने वाजवून पाहावा, आणि ज्याचा आवाज बोदा येईल तो आवळून चाकाचा आउट, म्हणजे डगडग, पुन्हा काढून घ्यावा.