हवामान बदलाची बातमी लिहिताना या चुका टाळा

30 मे 2024. विदर्भात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, चालू होता आणि नागपुरात पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश सेल्सिअस दाखवलं. 'नागपूर 56' पोर्टलांवर झळकलं, फॅमिली ग्रुपवर फिरलं. सेन्सर बिघडल्याचा हवामान खात्याचा खुलासा नंतर आला. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 ची नोंद झाली होती. तपासणीत तिथला सेन्सरही तीन अंश जास्त दाखवत होता असं निघालं.

नागपूरचा 56 चा आकडा डेस्कवर अडवायला फार हुशारी लागत नव्हती. भारतातला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा आहे, 51 अंश, 19 मे 2016 चा. जगाचा धरला जातो तो डेथ व्हॅलीचा, 56.7, आणि तो 1913 चा. हे शेत जिथे आहे ती नागपूरची रामदासपेठ एका दुपारी डेथ व्हॅलीच्या पंक्तीला जाऊन बसली, तर आधी प्रादेशिक हवामान केंद्राला फोन लावायचा आणि शहरातल्या बाकीच्या केंद्रांचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. घाईचं नुकसान दुहेरी असतं. एकदा 56 छापून झालं की खरे 45 वाचकाला किरकोळ वाटतात, आणि 56 खोटं ठरलं की 'हे उष्णतेचं सगळं फुगवून सांगतात' म्हणणाऱ्याला आयता पुरावा मिळतो.

'ढगफुटीसदृश' नावाची पळवाट

तालुका वार्ताहराच्या दर दुसऱ्या बातमीत ढगफुटीसदृश पाऊस पडतो. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. आता ज्या गावचं पर्जन्यमापक दिवसातून एकदाच, सकाळी साडेआठला वाचलं जातं, तिथे तासाचा पाऊस कळणार कसा? ओढ्याला अचानक पाणी आलं, पिकं खरडून गेली, हे डोळ्यांनी दिसतं. तेवढंच लिहा. पुरेसं भयंकर असतं ते.

अतिवृष्टीचा घोळ याहून वाईट. महसूल खात्याला मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी मिळते, कारण त्यावर पंचनामे आणि भरपाई ठरते. हवामान खात्याचा सर्वांत वरचा वर्ग 204.5 मिलिमीटरपासून सुरू होतो. दोन्ही बातम्यांत 'अतिवृष्टी' असंच छापलं, तर यंदा पाऊस खरंच बदललाय की फक्त मथळे, हे वाचकाने कशावरून ठरवायचं? त्यामुळे बातमीत मिलिमीटर, किती तासांचे आणि कुठल्या केंद्राचे, या तीन गोष्टी हव्यातच.

सगळं हवामान बदलावर ढकलणं, किंवा काहीच न ढकलणं

या चुकीपायी लोकांच्या समजुतीचं सर्वांत जास्त नुकसान होतं. 26 जुलै 2005 ला सुरू झालेल्या त्या 24 तासांत मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 74. शहर एकच. त्या पावसाला कुठलंही गटार पुरलं नसतं, हे खरं. पण मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती 50 पर्यंत न्यावी असं मुंबईच्या पर्जन्यजल व्यवस्थेवरच्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात 1993 मध्येच लिहिलेलं होतं. मिठी नदीचं पात्र आक्रसलं होतं, खाजणं बुजवली होती, त्यात भरतीची वेळ. त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या माधवराव चितळे समितीने पुढे हे तपशिलात मांडलं. इतकं सगळं कागदावर असताना 'निसर्ग कोपला' असा मथळा दिला की पालिकेचे अधिकारी सुटतात. हल्ली निसर्गाच्या जागी हवामान बदल कोपतो. सुटका तीच.

दुसऱ्या टोकालाही तितकंच चुकतं. नालेसफाई झाली नाही म्हणून पाणी तुंबलं, एवढ्यावर बातमी संपवली की पाऊसच बदलतोय ही गोष्ट गळून पडते. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएममधल्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासाने 2017 मध्ये दाखवलं. म्हणजे पावसाचा हिशेब वेगळा आणि नाल्याचा वेगळा. बातमीत दोन्ही लागतात.

'ही घटना हवामान बदलामुळेच झाली का?' असा प्रश्न तज्ज्ञाला विचारून हो-नाहीचा बाईट मागू नका. बदलामुळे शक्यता किंवा तीव्रता किती वाढली, ते विचारा. वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन या गटाच्या अभ्यासानुसार 2022 च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट तापलेल्या पृथ्वीमुळे सुमारे 30 पट अधिक संभाव्य झाली होती. जुलै 2024 मध्ये वायनाडला दरड कोसळवणारा पाऊस सुमारे 10 टक्क्यांनी वाढलेला निघाला. एकीकडे 30 पट, दुसरीकडे 10 टक्के. दोन्ही बातम्यांना 'हवामान बदलाचा फटका' हा एकच मथळा चिकटवला की हा फरक वाचकापर्यंत पोचतच नाही.

दीड अंशाची भानगड

2024 साल औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे 1.55 अंशांनी तापलेलं होतं, असं जागतिक हवामान संघटनेने सांगितलं. त्यावर 'पॅरिस कराराची मर्यादा मोडली' असे मथळे आले. कराराची दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात, एका वर्षावर नाही. त्याच्या उलट बाजूने चहाच्या टपरीवर ऐकू येतं: दीड अंशाने काय होतंय, सकाळ-दुपारमध्ये पंधराचा फरक असतो. या माणसाला सरासरीचं गणित समजावत बसू नका. पूर्वी दहा वर्षांतून एकदा यायची ती तीव्र उष्णता दीड अंश वाढलेल्या जगात सुमारे चार वेळा येईल, असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळाचा, 2021 चा अहवाल सांगतो. एवढी एक चौकट टाकली तरी भागतं.

एका तज्ज्ञाचा उद्गार, पुढे दहा वर्षं

हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील, हे वाक्य आयपीसीसीच्या 2007 च्या अहवालात होतं. ते घेतलं होतं वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर (डब्ल्यूडब्ल्यूएफ) या संस्थेच्या 2005 च्या अहवालातून, आणि त्याचं मूळ होतं 1999 मध्ये एका विज्ञान साप्ताहिकात छापून आलेली मुलाखत. बातमी अहवालात शिरली, अहवालाचा शिक्का घेऊन पुन्हा बातमी झाली. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीने चूक कबूल केली. मग माध्यमांनी उलटी चूक केली. हजारभर पानांतल्या एका परिच्छेदावरून 'हिमनद्या वितळण्याचा दावाच खोटा' इथपर्यंत मजल गेली. हिमनद्या वितळतायत, फक्त त्या तारखेला आधार नव्हता. कुठल्याही 'अमुक साली बुडणार' छाप आकड्याचं मूळ कागदापर्यंत जाऊन बघा. कोकणातली गावं बुडवणारे नकाशे शेअर करणाऱ्यांनाही हे लागू.

फोटो

उष्णतेच्या बातमीला ठरलेले फोटो: स्कार्फ गुंडाळलेल्या स्कूटरवरच्या मुली, रसवंती, कलिंगडाचा ढीग. 16 एप्रिल 2023 ला खारघरला भर उन्हातल्या सरकारी सोहळ्यानंतर 14 जण दगावले, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता. नागपूरकर हसेल असा आकडा. पण दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासून सुरू होतो तो यामुळेच. एप्रिलमध्ये स्लॅब टाकणारे मजूर, डांबर पसरणारे कामगार, दुपारी एकची पाळी सुटल्यावर घरी चालत जाणाऱ्या बायका यांचा फोटो काढायला फोटोग्राफरला कुणी पाठवत नाही.

पानांच्या भिंती

बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांना 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचं आश्वासन मिळालं, ही बातमी देश-विदेशच्या पानावर. द्राक्षबागेवरची गारपीट कृषी पुरवणीत. पंचनाम्याचे पैसे अडकल्याचं जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर, दोन कॉलम. तिन्हीकडे वेगळा उपसंपादक असतो आणि तिघांची दुपारची मीटिंगही वेगळी असते. निदान गारपिटीच्या बातमीत एक वाक्य घाला: या मंडळात गेल्या दहा वर्षांत गारपीट किती वेळा झाली. तहसील कार्यालयात जुने पंचनामे असतात, मागितले की मिळतात.