एंगाडिनच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल: ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी

आल्प्सचं नाव काढलं की आपल्याकडचे सायकलवाले चढाच्या तयारीला लागतात. येऊर, परत येऊर, मग एखाद्या रविवारी मालशेज. पाय तयार होतात, ते व्हायलाच हवेत. पण स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिनच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकलवर (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची, जाड टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल) स्वतः फिरल्यावर, आणि तिकडून परतलेले लोक माझ्याकडे फिजिओथेरपीला आल्यावर नेमकं काय दुखतंय म्हणून सांगतात ते ऐकल्यावर, माझं मत पक्कं झालंय. तयारी उताराची करा. मांड्यांची तक्रार घेऊन क्वचितच कोणी येतं. मनगट, अंगठ्याचं मूळ, मान आणि दोन खांद्यांच्या मधली जागा, हेच असतं.

कारण सरळ आहे. येऊरहून उपवनला उतरायला काही मिनिटं पुरतात. एंगाडिनमध्ये कोस्टाइनास खिंड २२५१ मीटरवर आहे आणि खालचं श्कुओल गाव साधारण साडेबाराशे मीटरवर. म्हणजे हजार मीटरचा उतार, बराचसा खडी-मातीचा. तेवढा वेळ बोटं ब्रेकवर.

सरावाला आपल्या जवळ नेरळचा घाट आहे. नेरळ ते दस्तुरी नाका सात-आठ किलोमीटरच असले तरी सहा-सातशे मीटर चढ आहे, रस्ता चांगलाच उभा आहे. शनिवार-रविवारी टॅक्स्यांची रांग असते, तेव्हा नको. आठवड्यातल्या दिवशी उजाडता उजाडता चढा आणि उतरताना खरा सराव करा. हात हूड्सवर, म्हणजे ब्रेकच्या वरच्या रबरी मुठींवर नको; ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात ठेवा. ड्रॉप्समधून ब्रेकचा दांडा त्याच्या टोकाकडे पकडता येतो, एका किंवा दोन बोटांत काम होतं. हूड्सवरून तोच ब्रेक दाबायला अख्खा पंजा आवळावा लागतो आणि थोड्या वेळात कोपराखालचा स्नायू दगडासारखा होतो. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी नीट दाबा, वेग उतरवा, वळणात सोडा. ब्रेकच्या पॅडला आणि बोटांना, दोघांनाही मोकळा श्वास मिळतो.

घरी करायला एकच व्यायाम सांगते. जाडा टॉवेल पाण्यात बुडवा आणि दोन्ही दिशांनी पिळा. ताण कोपराखाली जाणवला पाहिजे; अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर पकड चुकतेय, थांबा. दिवसाआड, जाण्याआधी दोन महिने तरी.

कच्च्या रस्त्याची सवय मुरबाड रस्ता सोडून आतल्या गावांकडे जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यांवर होते. तिकडचा ग्रॅव्हल, म्हणजे खडीचा रस्ता, बराचसा दाबून बसवलेला, बारीक असतो, आपल्या मुरमाहून सोपा. सुट्या खडीचे पट्टे मात्र वळणांवरच लागतात.

आपली सायकल विमानातून न्यावी का, हे सगळे विचारतात. मी म्हणते, तिथेच भाड्याने घ्या. खोक्यात बांधणं, हँडल फिरवणं, पेडल काढणं, परत तिथे जाऊन गिअर जुळवणं, यात एक दिवस जातो. आपले पेडल, आपलं सीट आणि हेल्मेट मात्र घेऊन जा. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर मागा, आणि मागची सगळ्यात मोठी गिअरची चकती पुढच्यापेक्षा जास्त दात्यांची असलीच पाहिजे: पुढे ४० तर मागे निदान ४४.

दुकानातून बाहेर पडायच्या आधी एक गोष्ट न चुकता करा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तिकडे बहुतेक ठिकाणी डाव्या हाताचा. पुढचं चाक उचलून फिरवा, एकेक ब्रेक दाबा, कोणता कुठला ते बघा. आणि दुकानदाराला अदलाबदल करून द्यायला सांगा. वाहतूकही उजव्या बाजूने चालते, तेवढं एक नवीन डोक्याला पुरे. त्यात खडीच्या उतारावर बोटांनी चुकीचं चाक अडवायला नको.

आता खोरं. एंगाडिन म्हणजे इन नदीचं खोरं, ग्राउब्युंडेन प्रांतात. वरचं एंगाडिन सतराशे-अठराशे मीटरवर आहे आणि आपण येतो समुद्रसपाटीवरून. अठराशे मीटरवर हवेचा दाब सुमारे वीस टक्क्यांनी कमी असतो. पहिल्या दिवशी तळ्याकाठी चाला, पाणी प्या, लवकर झोपा. जूनमध्ये उंच खिंडींवर बर्फ शिल्लक असू शकतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस येतो. खिंड दुपारच्या आत ओलांडलेली बरी.

सुरुवात मालोयापासून करा. इथल्या वाऱ्याची गोष्ट मला फार आवडते आणि ती कामाचीही आहे. डोंगरी खोऱ्यात दिवसा वारा साधारणपणे खालून वर वाहतो. वरच्या एंगाडिनमध्ये उलटं होतं. १८१५ मीटरवरची मालोया खिंड पलीकडच्या बाजूला एकदम ब्रेगालियाच्या खोऱ्यात कोसळते. तिकडून तापून वर आलेली हवा खिंडीवरून अलीकडे सांडते आणि तळ्यांवरून सेंट मॉरिट्झकडे वाहत सुटते. सिल्वाप्लानाच्या तळ्यावर दुपारी पतंग बांधून पाण्यावर घसरणारे लोक दिसतात ते याच वाऱ्याच्या भरवशावर. म्हणून सकाळी सेंट मॉरिट्झहून बसने मालोयाला जा आणि वारा पाठीशी घेऊन परत या. सिल्सपासून सुरलेपर्यंत तळ्याच्या दक्षिण काठाने कच्चा रस्ता आहे, पुढे श्टात्स तळ्याच्या जंगलातून चेलेरिना, मग सामेदान, त्सुओत्स, श्चान्फ. सुमारे चाळीस किलोमीटर, एकूण उतरतीचे. श्चान्फहून ऱ्हेशियन रेल्वेने परत. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

दुसरा दिवस पोंट्रेसिनाहून रोसेग खोऱ्यात. सातेक किलोमीटर, दोनशे मीटर चढ, समोर हिमनदी. या रस्त्यावर घोडागाड्या चालतात. घोडा समोरून आला तर थांबा, पाय टेकवा, गाडीवानाने मान हलवली की निघा. बरोबर सायकल न चालवणारं कोणी असेल तर त्यांना गाडीने पाठवा, वरच्या हॉटेलात भेटा.

तिसरा मार्ग मनातला. श्कुओलहून श्चार्ल, तिथून कोस्टाइनास खिंड. श्चार्लपर्यंतचा रस्ता काही डांबरी, काही कच्चा, अरुंद आणि क्लेमजा नदीच्या घळीच्या कडेने जाणारा. उन्हाळ्यात त्यावर पिवळी पोस्टबस, म्हणजे टपालखात्याची प्रवासी बस येते. भोंगा ऐकला की कडेला व्हा. श्चार्लला एके काळी चांदीच्या आणि शिशाच्या खाणी होत्या. स्वित्झर्लंडमधलं शेवटचं मूळचं अस्वल १९०४ मध्ये याच खोऱ्यात मारलं गेलं. गावाच्या वर तामांगूरचं पाइनचं जंगल लागतं, जुनी, वाकलेली, वीज पडून अर्धी सुकलेली आणि तरीही हिरवी झाडं. इथे मी नेहमी थांबायला सांगते. पुढे गुरांची कुरणं, आणि खिंडीजवळ थोडा पायवाटेचा तुकडा. तिथे खुशाल ढकला.

खिंडीवर दोन वाटा फुटतात. पलीकडे ल्यू गावावरून म्युश्ताइरच्या खोऱ्यात उतरता येतं, पण तिथून श्कुओलला यायला फुओर्न खिंडीवरून पोस्टबस धरावी लागते. सायकल घेतात का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. पहिल्यांदा जात असाल तर आल्या वाटेने परत उतरा, रस्ता ओळखीचा असतो. उतरायच्या आधी घामाने भिजलेला टीशर्ट बदला, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. आपल्याला गारव्याची सवय नाही, आणि थंडीने बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो. श्चार्लला थांबून मुठी उघडझाप करा, मान दोन्हीकडे वळवा. पॅड तापल्याचा वास आला तर उभे राहा.

श्चार्लच्या वाटेवर मिंजेर खोऱ्याचा फाटा लागतो. तो १९१४ मध्ये झालेल्या राष्ट्रीय उद्यानात जातो आणि उद्यानात सायकलला बंदी आहे. येऊरच्या गेटवर आपण वनखात्याशी हुज्जत घालत नाही, तसंच इथेही. पाट्यांचं म्हणाल तर लाल पाटी सायकलची, पिवळी चालणाऱ्यांची, आणि दगडावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर ती डोंगरी पायवाट, ग्रॅव्हल सायकलची नव्हे. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, वासरासोबतच्या गाईपासून लांबून जा. समोरून कोणी आलं तर वेग कमी करून ‘अलेग्रा’ म्हणा, तिथला नमस्कार आहे तो.

स्विसटोपोचं नकाशाचं ॲप फुकट आहे, नकाशा फोनवर उतरवून ठेवा. गावातल्या दगडी कुंडांचं पाणी पिण्याजोगं असतं, ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तेवढं सोडून. रविवारी छोटी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच घ्या. राजगिऱ्याची चिक्की घरून न्या. तिथे अक्रोड आणि कॅरॅमलचा नुसटोर्टे मिळतो, त्याचा एक तुकडा खिंडीपर्यंत पुरतो.

प्रवासविमा घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च त्यात आहे का, हे पॉलिसीत शोधून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. तिकडची हवाई बचावसेवा रेगा, नंबर १४१४. रुग्णवाहिका १४४. दोन्ही फोनमध्ये घाला आणि एका कागदावर लिहून सीटखालच्या पिशवीतही ठेवा.