रक्त लावायचं ठरलं की: गट जुळवण्यापासून पिशवी संपेपर्यंत

‘रक्त लावावं लागेल’ हे ऐकलं की नातेवाईक आधी मोबाईल काढतात आणि ‘बी पॉझिटिव्ह अर्जंट’ असा मेसेज गावच्या सगळ्या ग्रुपवर जातो. तो धाडण्याआधी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: रक्तातलं नेमकं काय हवंय आणि किती पिशव्या. दात्याचं रक्त हल्ली सहसा तसंच्या तसं लावत नाहीत. त्यातून लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातलं पिवळसर पाणी) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) वेगळे काढतात. कोणाला कुणाचं चालतं, हे त्यातला कोणता भाग लावायचा त्यावर ठरतं.

हिमोग्लोबिन कमी असेल किंवा रक्त वाहून गेलं असेल तर लागतात लाल पेशी. रक्तपेढीत त्यांना पीसीव्ही किंवा पॅक सेल म्हणतात. मोठ्या माणसाला एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं वाढतं. ए गटाच्या माणसाच्या रक्तात बीविरुद्धच्या अँटिबॉडी (परक्या पेशींवर तुटून पडणारी प्रथिनं) आयत्या असतात, बी गटाच्या रक्तात एविरुद्धच्या, ओच्या रक्तात दोन्ही आणि एबीच्या रक्तात एकही नाही. रुग्णाच्या अँटिबॉडी ज्यांच्यावर तुटून पडतील अशा पेशी आत जाता कामा नयेत, एवढाच नियम. म्हणून:

ए रुग्णाला ए किंवा ओ.
बी रुग्णाला बी किंवा ओ.
एबी रुग्णाला चारही.
ओ रुग्णाला फक्त ओ.

‘ओ सगळ्यांना चालतं’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण ओचा रुग्ण मात्र ओवरच अडतो, हे ऐन वेळी लक्षात येत नाही. त्यात ओ निगेटिव्ह फारच दुर्मीळ, कारण आपल्याकडे निगेटिव्ह माणसंच सुमारे ५ टक्के. पुणे-बेंगळूर महामार्गावर अपघात होऊन आलेल्या, गट तपासायलाही वेळ नसलेल्या मुलीसाठी ती पिशवी शिल्लक हवी. बी पॉझिटिव्ह रुग्णासाठी ओ निगेटिव्हचा आग्रह धरू नका.

प्लाझ्माचं गणित बरोबर उलटं. तिथे पेशी नसतात, अँटिबॉडी असतात. त्यामुळे एबीचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो आणि ओचा प्लाझ्मा फक्त ओला. प्लेटलेटही प्लाझ्मातच असतात, म्हणून शक्यतो गटाच्याच घेतात. अडचणीत दुसऱ्या गटाच्या चालवता येतात, तो निर्णय रक्तपेढीच्या डॉक्टरांचा. पावसाळ्यात डेंग्यूचा रुग्ण असला की प्लेटलेटसाठी पळापळ होते. रक्तस्राव नसेल तर आकडा १० हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट लावायची गरज नसते. ‘५० हजार झाल्या, लावा’ असा तगादा डॉक्टरांच्या मागे लावू नये.

आता पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. लाल पेशींवर आरएच-डी नावाचा घटक असला तर पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. पॉझिटिव्ह रुग्णाला दोन्ही चालतात, निगेटिव्हला निगेटिव्हच द्यावं. या घटकाविरुद्धच्या अँटिबॉडी निगेटिव्ह माणसात जन्मजात नसतात. पॉझिटिव्ह रक्त एकदा शरीरात गेलं की मग त्या तयार होतात आणि पुढच्या वेळी घात करतात. जीव वाचवण्यासाठी एखाद्या निगेटिव्ह वयस्क पुरुषाला पॉझिटिव्ह दिलं जातं ते याच हिशेबानं. मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका यांच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झालं तर तिच्यात या अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून ७२ तासांच्या आत ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी इंजेक्शन लागतं, गरोदरपणात २८व्या आठवड्यालाही देतात. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना ते विचारायचंच. खेड्यातून नेमकं हेच राहून जातं.

चुकीचं रक्त लागण्याचं कारण बहुतेक वेळा माणसाची ओळख चुकणं हे असतं. आपल्या बेळगाव सीमाभागात हा धोका जास्त. केसपेपर कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, निपाणीहून किंवा खानापूरहून आणलेली चिठ्ठी आणखी वेगळ्या हातची. एकाच बाईचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. वॉर्डात पाटील तर चार निघतात. म्हणून नावावर विसंबू नका, आयपी नंबर (दाखल करताना रुग्णाला मिळतो तो) धरा. क्रॉसमॅचसाठी (दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का, ही तपासणी) रक्त काढतील तेव्हा बाटलीवरचं लेबल पलंगाजवळच, रुग्णाला नाव विचारून लिहिलेलं असावं. आधी चिकटवलेली कोरी लेबलं किंवा टेबलावर जाऊन मग नाव लिहिणं, इथेच घोळ होतो. पूर्ण नाव, आयपी नंबर, तारीख, वेळ, काढणाऱ्याची सही, आणि फॉर्मवरही अक्षर न् अक्षर तेच. जुळत नसेल तर रक्तपेढी नमुना परत पाठवते. त्यावरून तिथे भांडू नका, नवा नमुना द्या.

गट जुळला तरी क्रॉसमॅच हवाच. यात रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) आणि दात्याच्या पेशी एकत्र करून गुठळी होते का ते पाहतात. पाऊण ते एक तास धरा. पूर्वी रक्त लागलेल्यांत किंवा बाळंतीण झालेल्यांत इतर अँटिबॉडी असू शकतात, त्या इथे पकडल्या जातात. अशा रुग्णाचा नमुना ७२ तासांनी शिळा धरतात, नवा द्यावा लागतो.

कधी ओ लिहिलेला रुग्ण ओच्या एकाही पिशवीशी जुळत नाही. तेव्हा ‘बॉम्बे’ गटाची शंका घ्यायची. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत त्याची नोंद केली. भारतात साधारण १० हजारांत एक. या माणसांना ओसुद्धा चालत नाही, फक्त बॉम्बेच. आईवडील दोघांकडून गुण यावा लागतो, त्यामुळे मामा-भाचीची किंवा आते-मामेभावंडांची लग्नं झालेल्या घराण्यांत तो जास्त आढळतो. शोध सख्ख्या भावंडांपासून सुरू करा.

पण एरवी ‘घरचंच रक्त बरं’ हा समज सोडावा. आईवडील, मुलं, भावंडं यांच्या पेशी रुग्णाच्या शरीरात मुरून त्याच्यावरच उलटू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जीव जातो. अशा रक्तावर आधी किरणांची प्रक्रिया व्हावी लागते. नवऱ्याचं रक्त बायकोला टाळतात, कारण पुढच्या बाळंतपणात अडचण येऊ शकते. घरच्यांनी रक्तपेढीत जरूर द्यावं, ते दुसऱ्याला जाईल.

दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. ३५० मिली घेतात. ५५ किलोच्या वर वजन असेल तर ४५० मिली. पुरुषांनी ९० दिवसांनी, स्त्रियांनी १२० दिवसांनी पुन्हा द्यावं. उपाशीपोटी आलेला दाता चक्कर येऊन पडतो, म्हणून खाऊन आणि पाणी पिऊन या. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. दवाखान्याच्या आवारात कुणी ‘दाता मिळवून देतो’ म्हणालं तर तिथून निघा.

पिशवी दुसऱ्या रक्तपेढीतून आणायची असेल तर थर्मल बॉक्स मागून घ्या. बर्फ पिशवीला थेट लागू देऊ नका, गोठलं की पेशी फुटतात. वॉर्डातल्या फ्रीजमध्ये ठेवू नका, गरम पाण्यात तर बुडवूच नका. लाल पेशी रक्तपेढीतून निघाल्यावर ३० मिनिटांत सुरू आणि ४ तासांत संपलेल्या हव्यात. त्याच नळीतून ग्लुकोज किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) नको, साधं मिठाच्या पाण्याचं नॉर्मल सलाईन एवढंच चालतं. आरएलमधल्या कॅल्शियमनं गुठळ्या होतात.

लावण्याआधी दोन जणांनी पिशवीवरचं लेबल आणि रुग्णाच्या हातातली पट्टी ताडून पाहायची असते. ‘सिस्टर, नंबर एकदा मोठ्यानं वाचाल का?’ असं बिनदिक्कत म्हणा. चांगल्या सिस्टर रागावत नाहीत. गट, पिशवीचा नंबर, मुदत, आयपी नंबर.

पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळून हलू नका. थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, दम लागणं, अंगावर गांधी, लघवी काळपट लाल होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच हाक मारा आणि रक्त बंद करायला सांगा. सुई काढायची नाही; नवी नळी लावून सलाईन चालू ठेवतात. पिशवी फेकू देऊ नका, नळीसकट रक्तपेढीत परत जायला हवी, सोबत रुग्णाचा ताजा नमुना. काय झालं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि पुढे कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला नेलं तर तिथल्या रक्तपेढीला नमुना देतानाच ते कार्ड दाखवा.